टेकऑफ करणाऱ्या विमानामागचे भोवरे मोजायचे कसे?

एरोनॉटिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: टेकऑफ करणाऱ्या विमानामागचा वेक टर्ब्युलन्स, म्हणजे पंखांनी मागे सोडलेल्या भोवऱ्यांची खळबळ, प्रकल्पासाठी मोजायचा आहे. विमानतळाच्या कुंपणाबाहेर अ‍ॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) लावून जमेल का, की लायडारच (लेझर किरणाने हवेचा वेग मोजणारं यंत्र) हवा? भोवऱ्याची ताकद आणि आयुष्य किती, याचा एक आकडा काढता येईल का? आणि मोठ्या विमानामागे दोन मिनिटं थांबण्याचा नियम त्या आकड्याशी ताडून बघता येईल का?

मी बरीच वर्षं हेच काम केलं आहे, बहुतेक वेळ धावपट्टीच्या कडेला लायडार मांडून. म्हणून आधी प्रश्नाचा क्रम बदलतो. उपकरण कोणतं, हे नंतर बघू. आधी हे हवं, की तुम्ही जो भोवरा बघताय तो किती वजनाच्या विमानाने, किती उंचीवर आणि कसल्या हवेत सोडला होता. या तीन गोष्टी हाताशी नसतील तर महागातल्या महाग लायडारचा आकडाही कुणाच्या उपयोगाचा नाही. त्या हाताशी असतील तर मोजक्या अ‍ॅनिमोमीटरवर उभा राहिलेला प्रकल्पसुद्धा चांगला होतो.

पंख लिफ्ट, म्हणजे विमान उचलणारं बल, देतो तेव्हा त्याच्याखाली दाब जास्त आणि वर कमी असतो. टोकांपाशी खालची हवा वर वळते आणि विमानामागे एकमेकांच्या उलट फिरणारी भोवऱ्यांची जोडी उरते. विमान धावपट्टीवर धावत असेपर्यंत ही जोडी जवळपास नसतेच. नाक उचललं, म्हणजे रोटेशन झालं, की ती सुरू होते. त्याआधी मागे जो झोत असतो तो इंजिनांचा, तो लवकर विरतो आणि त्याचे नियम वेगळे. तुमच्या नोंदींत हे दोन्ही मिसळू देऊ नका.

जोडीची सुरुवातीची ताकद, म्हणजे सर्क्युलेशन, कागदावर काढता येते. विमानाचं वजन न्यूटनमध्ये घ्यायचं आणि हवेची घनता, विमानाचा वेग आणि दोन भोवऱ्यांमधलं अंतर यांच्या गुणाकाराने भागायचं. लिफ्टचं वाटप लंबवर्तुळाकार धरलं तर हे अंतर पंखविस्ताराच्या सुमारे ७८ टक्के येतं. पूर्ण भरलेलं बोइंग ७७७-३००ईआर घेऊ. वजन ३५० टन, म्हणजे सुमारे ३४ लाख न्यूटन. पंखविस्तार ६४.८ मीटर, म्हणून भोवऱ्यांमधलं अंतर ५१ मीटर. वेग सेकंदाला ८७ मीटर धरा आणि मुंबईच्या उकाड्यात हवेची घनता घनमीटरला १.१६ किलो. उत्तर येतं ६६० ते ६७० चौरस मीटर प्रति सेकंद. हाच हिशोब ७३ टनांच्या ए३२० साठी केला तर ३०० च्या आसपास येतो आणि २३ टनांच्या एटीआर ७२ साठी १५० च्या आसपास.

दोन्ही भोवरे एकमेकांना खाली ढकलतात. तो वेग म्हणजे सर्क्युलेशन भागिले (दोन पाय (π) गुणिले अंतर). ७७७ साठी सेकंदाला साधारण २ मीटर, म्हणजे मिनिटाला ४०० फूट. ५१ मीटर उतरायला त्या जोडीला सुमारे २५ सेकंद लागतात, ए३२० च्या जोडीला स्वतःचं अंतर उतरायला १५ सेकंद. भोवऱ्याचं आयुष्य नुसत्या सेकंदांत देण्यापेक्षा या एककात द्या, म्हणजे दोन वेगळ्या विमानांची तुलना करता येईल.

हा हिशोब मोजमापाआधी करायचा. तुमच्या उपकरणाने ए३२० मागे ६०० दाखवलं तर विमान ओळखण्यात किंवा गणितात गडबड आहे, हे लगेच कळतं. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) बाहेर असतात तेव्हा लिफ्टचं वाटप लंबवर्तुळाकार राहत नाही, म्हणून १०-१५ टक्के इकडेतिकडे मी चालवून घेतो. दुप्पट आकडा चालवून घेत नाही.

आता टेकऑफची खरी अडचण. लँडिंगचा वेक मोजणं त्या मानाने सोपं आहे. बहुतेक सगळी मोठी विमानं ३ अंशांच्या ग्लाइड स्लोपवर, म्हणजे उतरण्याच्या ठरलेल्या उतारावर, येतात. धावपट्टीच्या उंबरठ्याआधी एक किलोमीटरवर ती साधारण ६५-७० मीटर उंचीवर असतात, मग विमान कुठलंही असो. वेगही ठरलेल्या पट्ट्यात असतो आणि इंधन बरंचसं संपलेलं असल्यामुळे वजनात फारसा फरक नसतो. तुम्ही लायडार एका जागी लावलात की भोवरे रोज त्याच खिडकीत जन्माला येतात.

टेकऑफमध्ये यातलं काहीच ठरलेलं नसतं. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं ७७७ टाक्या भरून निघतं. तेच विमान दिल्लीला निघालं तर कितीतरी हलकं असतं, लवकर उठतं आणि उभं चढतं. धावपट्टीच्या एकाच बिंदूवर एक विमान १५० मीटर उंचीवर असेल आणि दुसऱ्याची चाकं नुकती जमिनीवरून सुटलेली असतील. शिवाय बहुतेक टेकऑफ पूर्ण थ्रस्टवर, म्हणजे इंजिनांच्या पूर्ण जोरावर, होत नाहीत. वजन आणि तापमान बघून थ्रस्ट कमी केला जातो, त्यामुळे चढण्याचा कोन बदलतो.

उंची आणि वेग एडीएस-बी मधून, म्हणजे विमान स्वतः रेडिओवर पाठवतं त्या माहितीतून, मिळतात, वजन मिळत नाही. विमान कंपनीने दिलं तर उत्तम, पण विद्यार्थ्याला ते सहसा मिळणार नाही. मग विमानाचा प्रकार, गंतव्य आणि उड्डाणाचं अंतर यांवरून पट्टा धरायचा, उदाहरणार्थ २२० ते ३५० टन, आणि तो पट्टा शेवटच्या आकड्यापर्यंत सोबत न्यायचा. मधला एक आकडा उचलून पुढे गेलात तर पुढची अचूकता खोटी होते.

एडीएस-बीच्या उंचीत एक खोच आहे. बहुतेक नोंदींतली उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल या प्रमाण दाबाला धरून असते. पावसाळ्यात मुंबईत समुद्रसपाटीचा दाब सहज १००३ पर्यंत उतरतो. एका हेक्टोपास्कलला साधारण ८ मीटर, म्हणजे ८० मीटरची चूक. धावपट्टीवर उभं असलेलं विमान हवेत दिसेल! त्या तासाचा क्यूएनएच (विमानतळाने दिलेला समुद्रसपाटीचा दाब) घ्या आणि प्रत्येक नोंद दुरुस्त करा.

यापुढची गोष्ट मी जरा सावकाश सांगतो, कारण चांगल्या डेटातूनही चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात. लँडिंग असो वा टेकऑफ, आपण धावपट्टीला काटकोनात एक उभं प्रतल निवडतो आणि त्यातून भोवरा जाताना बघतो. पण भोवरा ही विमानाच्या मार्गावर पसरलेली लांब दोरी आहे आणि टेकऑफमध्ये ती दोरी तिरकी असते, पुढे वर, मागे खाली. विमानं वाऱ्याच्या तोंडाकडे उडतात, म्हणजे वारा ही तिरकी दोरी अख्खीच्या अख्खी मागे ढकलतो. तुमच्या प्रतलात मिनिटभराने जो भाग दिसतो तो विमानाने पुढे, अधिक उंचीवर सोडलेला असतो. जिन्याचा तिरका कठडा खिडकीसमोरून मागे सरकवला तर तो वर चढतोय असं वाटतं, तसंच हे.

आकड्यांत बघा. समोरचा वारा सेकंदाला ५ मीटर आणि चढण १० टक्के असेल तर प्रतलात दिसणारा भोवरा सेकंदाला अर्धा मीटर वर सरकल्यासारखा दिसतो. वारा १० मीटर आणि चढण १५ टक्के असेल तर हाच परिणाम दीड मीटर होतो. भोवरा खरा उतरतोय २ मीटरने, तुम्हाला दिसतोय अर्ध्याने. हे न वजा करता उतरण्याच्या वेगावरून ताकद काढली तर भोवरा दुबळा झाला असं लिहून मोकळे व्हाल आणि तो तर पूर्ण ताकदीने फिरत असेल. मागून वारा असेल तर उलटं होतं, भोवरा फार वेगाने कोसळतोय असं दिसतं. दुरुस्ती साधी आहे: वाऱ्याचा धावपट्टीच्या दिशेतला घटक गुणिले चढण. पण त्यासाठी भोवऱ्याच्या उंचीवरचा वारा हवा. टॉवरजवळच्या १० मीटरच्या खांबावरचा वारा पुरत नाही, कारण ५० मीटरवर तो वेगळाच असतो.

आता लायडार. आजचे बहुतेक पल्स्ड डॉप्लर लायडार १.५ ते २ मायक्रॉनच्या इन्फ्रारेड लेझरवर चालतात आणि डोळ्यांना सुरक्षित असतात. किरण हवेतल्या धूलिकणांवरून परततो आणि कण सरकत असतील तर परतलेल्या प्रकाशाची वारंवारता बदलते. १.५४ मायक्रॉनला सेकंदाला १ मीटर वेगासाठी हा फरक सुमारे १.३ मेगाहर्ट्झ येतो. किरणाच्या दिशेतलाच वेग मिळतो, आडवा नाही. म्हणून लायडार धावपट्टीपासून काहीशे मीटर बाजूला ठेवून किरण धावपट्टीच्या आरपार खालीवर फिरवतात. एका फेरीला काही सेकंद लागतात.

पडद्यावर जोडी ओळखायला वेळ लागत नाही. जवळच्या भोवऱ्यात वरच्या बाजूला हवा तुमच्यापासून दूर जाते आणि खालच्या बाजूला तुमच्याकडे येते. एका रंगाचा ठिपका, त्याच्या बरोबर खाली विरुद्ध रंगाचा. थोडं पलीकडे दुसऱ्या भोवऱ्याचे दोन ठिपके, त्यांचे रंग उलटे. दोन ठिपक्यांच्या मधोमध गाभा. पुढच्या फेरीत सगळं चित्र थोडं खाली आणि वाऱ्याच्या दिशेला सरकलेलं. असं दहा-पंधरा फेऱ्यांत दिसलं की वाट काढता येते.

मला एका थंड, निवांत पहाटेची मोजणी चांगली आठवते. वारा जवळपास पडलेला, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार. एक जड विमान उठलं आणि त्याची जोडी खाली येऊन दोन बाजूंना फाकायला लागली. एक भोवरा गवताच्या पट्ट्यावरून निघून गेला. दुसरा धावपट्टीच्या मध्यरेषेवर येऊन थांबला. फेरीमागून फेरी, दोन्ही रंग त्याच जागी. धावपट्टीवर नजर टाकली तर काहीच नव्हतं, स्वच्छ डांबर आणि दिवे. त्या भोवऱ्याने पुढच्या विमानासाठी राखलेला वेळ जवळजवळ पुरता वापरला. हा प्रकार विरळा आहे, पण तो कधी होतो हे गणितातूनही सांगता येतं आणि ते खाली येईलच.

ताकद काढताना सर्वांत मोठा दिसलेला वेग घेऊ नका. पल्स्ड लायडारची एक पल्स हवेत काही दशक मीटर लांबीची असते आणि भोवऱ्याचा गाभा त्याहून कितीतरी लहान. त्यामुळे गाभ्याजवळचा वेग नेहमी दबलेला दिसतो. गाभ्यापासून ५ ते १५ मीटरच्या पट्ट्यात दोन पाय गुणिले अंतर गुणिले वेग असं प्रत्येक अंतरावर काढून सरासरी घेण्याची रीत मोठ्या विमानांसाठी रूढ आहे. १० मीटरवर सेकंदाला ८ मीटर वेग असेल तर सुमारे ५००. एटीआरसारख्या लहान पंखाच्या विमानाला हा पट्टा जसाच्या तसा लावू नका, तिथे दोन भोवरेच २१ मीटरवर असतात आणि १५ मीटरवर शेजाऱ्याचा वेग मिसळतो.

टेकऑफमध्ये लायडारला आणखी एक त्रास होतो. विमान कमी उंचीवर असताना किरण जवळजवळ आडवा जातो. ६०० मीटर दूरच्या भोवऱ्याची उंची ३० मीटर असेल तर कोन फक्त ३ अंश, आणि त्याच्या खालचा अर्धा भाग बघायला गेलं की किरण गवतावर, दिव्यांवर, उभ्या विमानांवर आपटतो. अर्धाच भोवरा दिसतो. मोसमही बघावा लागतो. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या हवेत धूळ भरपूर, सिग्नल उत्तम. जोरदार पावसात किरण फार लांब जात नाही आणि पाऊस पडून गेल्यावर हवा इतकी धुतलेली असते की परतायला कणच कमी पडतात. पावसातल्या मोजणीसाठी राडार वापरतात.

लायडार विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसतो, तेव्हा अ‍ॅनिमोमीटरकडे येऊ. ही रीत कमी दर्जाची मुळीच नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर विमानांच्या मार्गाखाली आडव्या रेषेत अ‍ॅनिमोमीटरची रांग लावून भोवरे टिपले गेले आणि टेकऑफच्या वेकची मोजणी त्याच दशकात टोरंटोला झाली. त्याआधी आयडाहो फॉल्सला उंच मनोऱ्यांवर संवेदक आणि रंगीत धूर लावून शेजारून विमानं उडवली होती. आजही ही रांग स्वस्त आणि खात्रीची आहे.

तत्त्व असं: भोवरा जमिनीजवळ येऊन दोन भोवऱ्यांमधल्या अंतराच्या साधारण निम्म्या उंचीवर स्थिरावतो आणि बाजूला सरकतो. त्याच्या बरोबर खाली जमिनीवर आडवा वारा वाढतो. हिशोबाने ही वाढ सर्क्युलेशन भागिले (पाय गुणिले उंची) इतकी. ७७७ चा भोवरा निम्मा विरून ३०० वर आला आणि २५ मीटर उंचीवर असेल तर सेकंदाला जवळपास ४ मीटर. ए३२० चा भोवरा १५० वर येऊन १३ मीटरवर असेल तरी तेवढीच. वारा संथ असेल तर हे ३ मीटरच्या खांबावर स्पष्ट दिसतं, जमिनीच्या घर्षणाने थोडं कमी होऊन. दुपारी झोतांमध्येच दोन-तीन मीटरचा चढउतार असतो, तेव्हा हरवतं.

म्हणून धावपट्टीला काटकोनात रांग, १५ ते २० मीटर अंतराने, दोन्ही बाजूंना. फिरत्या वाट्यांचा अ‍ॅनिमोमीटर नको, त्याला दिशा कळत नाही. अल्ट्रासॉनिक घ्या, उभा घटकही देणारा मिळाला तर फार चांगलं. भोवरा एका खांबावरून जायला दहा-वीस सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला चार नोंदीही भरपूर. सगळ्या खांबांची घड्याळं मात्र जीपीएसवर जुळलेली हवीत, नाहीतर कोण आधी हलला हेच कळणार नाही. मोबाइलमधल्या बॅरोमीटरने दाबाची घसरण दिसते का, असंही विचारलं आहे. सेकंदाला ५ मीटरला सुमारे १५ पास्कल, म्हणजे दिसू शकते, पण साधा झोतही तेवढीच घसरण देतो. एकट्या बॅरोमीटरवर काही सिद्ध होत नाही.

कुंपणाबाहेरची जागा धावपट्टीच्या टोकापलीकडे असते आणि तिथे विमान शंभर-दीडशे मीटर वर पोचलेलं असतं. सेकंदाला २ मीटर उतरणारा भोवरा तुमच्या खांबापर्यंत पोचायला मिनिटभर लागतं आणि तोवर वारा त्याला कुठेही नेतो. अनेक टेकऑफ कोरे जातील. ते कोरे टेकऑफ फेकून देऊ नका.

याच मुद्द्यावर माझं ठाम मत आहे. लायडारने किंवा रांगेने भोवरा बघायचं थांबवलं म्हणजे भोवरा संपला, असं धरून आयुष्याचे तक्ते काढणं हा या कामातला सर्वांत मोठा दोष आहे. माग का तुटला याची कारणं अनेक असतात. भोवरा खरोखर विरला. वाऱ्याने प्रतलाबाहेर गेला. इतका खाली गेला की किरण पोचला नाही. सिग्नल क्षीण झाला. किंवा पुढचं विमान निघालं आणि त्याच्या ताज्या भोवऱ्याने जुना झाकला. मुंबईची मुख्य धावपट्टी तासाला चाळीसहून जास्त विमानं हाताळते. अशा ठिकाणी बहुतेक माग पुढच्या विमानामुळेच तुटतात, मग सरासरी आयुष्य ६०-७० सेकंद निघालं तर तो आकडा विमानांच्या वेळापत्रकाचा आहे, भोवऱ्याचा नाही.

उपाय वैद्यकीय संशोधनातून घेता येतो. तिथे रुग्ण अभ्यासातून मध्येच निघून गेला तर तो मेला असं धरत नाहीत, ‘इतके दिवस जिवंत होता’ एवढीच नोंद करतात. प्रत्येक भोवऱ्यासमोर माग तुटण्याचं कारण लिहा, फक्त ‘विरला’ वाले पूर्ण मोजा, बाकीचे अपुरे म्हणून कॅप्लन-मायर पद्धतीने (अपुऱ्या नोंदीही धरून किती जण किती वेळ टिकले याचा वक्र काढण्याची रीत) घ्या. कोरे टेकऑफही त्यातच येतात. वक्र थोडा वर सरकेल, आणि तो जास्त खरा असेल. शिवाय सुरक्षेसाठी सरासरी भोवरा महत्त्वाचा नसतोच, महत्त्वाचे असतात ते मोजके, चिवट, जास्त टिकणारे भोवरे.

कोणते भोवरे टिकतात, हे हवेवर अवलंबून आहे. हवेत खळबळ असेल तर जोडीवर लाटा उठतात, त्या वाढत जातात, दोन्ही भोवरे एकमेकांना भिडतात आणि तुटतात. दुपारी ऊन तापलेलं असताना हे लवकर होतं. संथ पहाटे उशिरा. म्हणून हवेची खळबळ आणि उंचीनुसार तापमान यांच्या नोंदीशिवाय आयुष्याचा आकडा छापू नये. ‘वेक किती वेळ टिकतो?’ याला एक उत्तर नाही. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला एकाच विमानाची उत्तरं वेगळी असतात.

राहिला दोन मिनिटांचा नियम. १९७२ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट वर्थजवळ एक डीसी-९ प्रशिक्षण उड्डाणात डीसी-१० च्या वेकमध्ये सापडून कोसळलं आणि चौघे गेले. त्यानंतर अमेरिकेत अंतराचे नियम कडक झाले. आंतरराष्ट्रीय नियमांत आज १,३६,००० किलो किंवा अधिक वजनाचं विमान हेवी, ७,००० किलोपर्यंतचं लाइट, मधलं मीडियम आणि ए३८० वेगळा सुपर. त्याच धावपट्टीवरून, किंवा ७६० मीटरपेक्षा जवळच्या समांतर धावपट्टीवरून, हेवीमागे मीडियम किंवा लाइट निघत असेल तर २ मिनिटं. मागचं विमान धावपट्टीच्या मधूनच निघत असेल तर ३ मिनिटं, कारण ते धावपट्टीवर पुढे जाऊन उठतं आणि पुढच्या विमानाच्या मार्गाखाली, भोवरे उतरतात तिथे, सापडू शकतं. सुपरमागे मीडियम किंवा लाइट असेल तरी ३. याच्या जोडीला सहा-सात गटांची नवी विभागणी आली आहे. अमेरिकेत तिची सुरुवात २०१२ मध्ये मेम्फिसला झाली, आणि ती मात्र थेट लायडारच्या मोजमापांवर उभी आहे.

तुमचा आकडा या नियमाशी ताडता येईल, पण एका अटीवर. भोवऱ्याची ताकद आणि मागच्या विमानाला असलेला धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३०० ताकदीच्या भोवऱ्यात शिरलेलं ७७७ थोडं हलेल, छोटं विमान उलटू शकतं. धोका मोजायचा तर मागच्या विमानाचा पंखविस्तार, वेग आणि एलेरॉनची (विमान कलतं करणाऱ्या पंखावरच्या झडपांची) क्षमता लागते. आणि वैमानिकाची प्रतिक्रियाही. नोव्हेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ए३०० जपान एअरलाइन्सच्या ७४७ मागून जाताना वेकमध्ये शिरलं. चौकशीत निष्कर्ष निघाला तो सहवैमानिकाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) गरजेपेक्षा जास्त वापरल्याचा, त्यामुळे शेपटीचा उभा पंख तुटला. २६५ माणसं गेली. तो भोवरा स्वतः विमान पाडण्याइतका जोरदार नव्हता. तुमच्या लायडारने त्याचा अगदी अचूक आकडा दिला असता तरी ही गोष्ट त्यात दिसली नसती.

दुसऱ्या टोकाला, वारा नियम सैल करू शकतो. युरोपात २००६ ते २००९ या काळात फ्रँकफर्टला टेकऑफच्या वेकची लायडारने मोजणी झाली ती याच हेतूने: आडवा वारा पुरेसा असेल तर भोवरे आपोआप बाजूला जातात, मग दोन मिनिटं थांबायचं कशाला? त्यात तथ्य आहे. पण वर सांगितलेली पहाट इथे आठवा. जमिनीजवळ भोवरा स्वतःच्या बळावर बाजूला सरकतो, आणि हिशोब केला तर ७७७ साठी तो वेग सुरुवातीला सेकंदाला २ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे ४ नॉट, पुढे कमी होत जातो. आडवा वारा बरोबर तेवढाच असेल तर वाऱ्याच्या बाजूचा भोवरा जागच्या जागी उभा राहतो. वैमानिकांना १ ते ५ नॉटच्या आडव्या वाऱ्यापासून सावध राहायला सांगतात ते यामुळेच. जोराचा वारा भोवरे उडवून नेतो, हलका वारा त्यांना धरून ठेवतो. मोजणीसाठी दिवस निवडाल तेव्हा हे हलक्या वाऱ्याचे दिवस टाळू नका, तेच हवेत.

तुमच्या प्रकल्पाचा आवाका बघून मी असं सुचवेन: ताकद आणि आयुष्य या दोन्हींच्या मागे लागू नका. ‘किती टक्के टेकऑफमध्ये, किती सेकंदांनी, कोणत्या आडव्या वाऱ्यात भोवरा मध्यरेषेच्या आसपास सापडतो’ एवढा एकच प्रश्न घ्या. त्याला अ‍ॅनिमोमीटरची रांग पुरते, एडीएस-बीची नोंद पुरते आणि उत्तर विमानतळालाही हवं असतं. त्यासाठी कुंपणाच्या आत, रोटेशनच्या नेहमीच्या बिंदूच्या थोडं पुढे जागा लागेल. विमानतळ चालवणारी कंपनी, हवाई वाहतूक नियंत्रण आणि सुरक्षा यंत्रणा, तिघांची परवानगी महाविद्यालयामार्फत मागा. पुण्यासारख्या हवाई दलाच्या तळावरच्या विमानतळापेक्षा नागरी विमानतळावर ती मिळण्याची शक्यता जास्त. खांब ठिसूळ लागतात, विमान आदळलं तर सहज मोडणारे, आणि त्यांची उंची व जागा तिथले लोकच ठरवतील. ड्रोनवर संवेदक बांधून भोवऱ्यात शिरण्याची कल्पना सोडून द्या. विमानतळाजवळ विनापरवाना ड्रोन उडवणं बेकायदेशीर आहे आणि टेकऑफच्या मार्गात तो जीवघेणा आहे.

आणि विमानं नसतानाचंही रेकॉर्डिंग करा, तेवढेच तास, तशाच हवेत. त्या कोऱ्या नोंदींवर तुमचा भोवरा ओळखणारा प्रोग्राम चालवा. तिथेही तो भोवरे ‘सापडवणार’, वाऱ्याच्या झोतांना भोवरा समजून. ते किती सापडले, कोणत्या वाऱ्यात सापडले, हा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर द्या आणि खऱ्या टेकऑफमधल्या संख्येतून वजा केल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष लिहू नका.